तीन समुद्रांपलीकडचा पाहुणा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील ‘प्रवास आणि वाचन’ या विषयावरील भाषणाचा मजकूर)



दूरदेशीच्या प्रवासावर बोलावे असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात मराठी प्रवासवर्णनांचा आढावा असावा. आपल्या कपाटांत ती पुस्तके भरपूर आहेत आणि त्यांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्तेही आहेत. मला मात्र आज एका अशा प्रवाशाविषयी बोलायचे आहे की, ज्याचा प्रवास आपल्या गावापासून सुरू होत नाही, तर आपल्या गावापर्यंत येतो. बीदरच्या किल्ल्यापासून चौबाऱ्यापर्यंत आपण ज्या रस्त्याने जातो, त्या परिसरात साडेपाचशे वर्षांपूर्वी एक रशियन व्यापारी फिरत होता. अफानासी निकितिन त्याचे नाव. वोल्गा नदीच्या काठच्या त्वेर या गावचा तो राहणारा.

नाव आपणांस अपरिचित नाही. बहमनी राज्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. सरदारांची श्रीमंती आणि खेड्यातल्या रयतेचे दारिद्र्य या दोहोंचा साक्षीदार म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याची एक-दोन वाक्ये उद्धृत होतात, परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो आणि पुढच्या वर्षी विद्यार्थी त्याला विसरतो. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत दिग्दर्शकाच्या सहकार्याने ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. त्यात निकितिनची नर्गिसशी गाठ पडते. चित्रपटाला नायिका लागते, हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या वहीत नायिका नाही. तिथे एक घोडा आहे, पुष्कळ पाऊस आहे, खिचडी आहे आणि एक अतिशय थकलेला माणूस आहे. इतिहासकारांनी त्याच्याकडून माहिती घेतली आणि थकवा तेवढा सोडून दिला. मला आज त्या थकव्याविषयी बोलायचे आहे.

तो घरून निघाला त्या सालाबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. जुने मत १४६६ असे मानते, तर नंतरच्या संशोधकांनी १४६८ हे साल धरले. वोल्गेच्या प्रवाहाबरोबर नौकेतून खाली जायचे, शिरवानच्या राज्यात माल विकायचा आणि परत यायचे, एवढाच त्याचा बेत होता. हिंदुस्थानचा विचारही त्याच्या मनात नसावा. मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्या या राजाकडून नव्वद शिकारी ससाणे भेट घेऊन शिरवानचा वकील परत चालला होता. त्याच्या सोबतीने जावे म्हणजे वाट सुरक्षित होईल, असा या व्यापाऱ्यांचा हिशेब. तो साफ चुकला. अस्त्राखानजवळ तातारांनी नौकांवर हल्ला केला, माल लुटला, आणि पुढे कॅस्पियन समुद्रात वादळाने एक नौका किनाऱ्यावर आपटून फोडली, तीवरील माणसे तिथल्या टोळीने धरून नेली.

या लुटीत जे गेले त्यात निकितिनची पुस्तके होती. ही गोष्ट ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलताना मला अर्थातच महत्त्वाची वाटते. ही पुस्तके म्हणजे प्रार्थनेची, सणावारांची, उपवासाचे दिवस सांगणारी धर्मपुस्तके. लुटारूंना त्यांचा काही उपयोग नव्हता. निकितिनला मात्र पुढची सारी वर्षे त्या पुस्तकांची उणीव भासत राहिली. त्याविषयी मी पुढे बोलेन.

शिरवानच्या राजाकडे जाऊन या लुटल्या गेलेल्या मंडळींनी परतीच्या वाटखर्चासाठी पदर पसरला. तुम्ही पुष्कळजण आहात, असे म्हणून त्याने काही दिले नाही. मग ते रडले आणि पांगले. निकितिन एका ओळीत सांगतो की, ज्याचे मायदेशी काही होते तो मायदेशी गेला, आणि जो कर्जात होता तो डोळे नेतील तिकडे निघाला. उधारीचा माल लुटला गेलेला माणूस गावात तोंड कसे दाखवणार? परदेशगमनाची अनेक उदात्त कारणे आपण पुस्तकांतून वाचतो. ज्ञानलालसा, साहस, नव्या क्षितिजांची ओढ वगैरे. जगातील बहुसंख्य माणसे मात्र कर्ज फेडण्यासाठी समुद्र ओलांडत आली आहेत. हे कळायला आपल्याला इतिहासाची गरज नाही. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण या भागांतून आखाती देशांत गेलेल्या कोणत्याही मुलाच्या आईला विचारावे.

देर्बेंतहून तो बाकूला गेला. तिथे जमिनीतून न विझणारी आग निघते, अशी त्याची नोंद आहे. कॅस्पियन ओलांडून तो इराणात उतरला आणि सारी, आमोल, रे, काशान, यज्द, लार अशी गावे मागे टाकत होर्मुझ बंदरावर आला. या वाटेला त्याला दीड-दोन वर्षे लागली असावीत, कारण एकेका गावी तो महिना-महिना राहिला. पण वहीत या प्रवासाला जागा फारच थोडी. गावाचे नाव, मुक्कामाचे दिवस आणि पुढचे गाव. मध्येच एखादा तपशील चमकून जातो. तारोम नावाच्या गावी गुरांना खजूर खाऊ घालतात, हे पाहून त्याला आश्चर्य वाटले. जिथे खजूर हे दुर्मिळ फळ, त्या थंड देशातल्या माणसाने हे लिहून ठेवले. होर्मुझचे ऊन माणसाला जाळते, एवढेच तो त्या प्रसिद्ध बंदराविषयी तळमळून सांगतो.

हिंदुस्थानात घोडे चांगले पैदा होत नाहीत आणि त्यांना मोल फार, असे त्याने ऐकले. जवळ उरलेसुरले सारे घालून त्याने एक घोडा घेतला. हा घोडा जुन्नरपर्यंत आणायला आपल्याला शंभर रूबल पडले, असा त्याचा हिशेब आहे. होर्मुझहून घोडे घेऊन जाणाऱ्या गलबतातून मस्कत, गुजरातचा किनारा, खंबायत अशी मजल मारीत तो चौलला उतरला. रेवदंड्याला २००२ मध्ये त्याचे स्मारक उभारले गेले, ते या उतरण्याची आठवण म्हणून.

चौलच्या रस्त्यांवर लोक त्याच्या मागे लागत. गोरा माणूस पाहून त्यांना नवल वाटे, आणि उघड्या अंगाने, उघड्या डोक्याने, एक वेणी घालून हिंडणारी माणसे पाहून त्याला नवल वाटे. दोन्हीकडची नवलाई त्याने समान प्रांजळपणाने नोंदवली. पाहणारा स्वतःही पाहिला जातो, हे भान पुष्कळ नामवंत प्रवासलेखकांना असत नाही.

चौलहून पाली, तेथून घाट चढून उमरी आणि जुन्नर. जुन्नरला त्याला पावसाळा लागला. चार महिने दिवसरात्र सगळीकडे पाणी आणि चिखल, असे तो वैतागून लिहितो. सह्याद्रीच्या पावसाचे कवींनी केलेले वर्णन आपण वाचतो. घोडा सांभाळत भाड्याच्या जागेत अडकलेल्या परक्या माणसाने केलेले हे वर्णन त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्याच पावसात इथले लोक पेरणी करतात, हेही त्याने पाहिले. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घातलेली खिचडी शिजवून चारतात, हे तर त्याने कौतुकाने लिहिले. शंभर रूबलांचा तो घोडा, त्याची बडदास्त मालकापेक्षा चांगलीच असणार.

पण जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही हे कळल्यावर खानाने अट घातली की, धर्म बदललास तर घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. न बदललास तर घोडाही गेला आणि दंडही भरावा लागेल. चार दिवसांची मुदत मिळाली. योगायोगाने खोरासानचा एक ओळखीचा मुसलमान सद्गृहस्थ, ख्वाजा महंमद, त्याच वेळी तेथे आला. त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. निकितिनने याला देवाचा चमत्कार म्हटले आहे. मला यात दूरच्या वाटेवरचा एक नित्याचा अनुभव दिसतो. एखाद्या अधिकाऱ्याच्या दारात आपण अगदी हताश होऊन उभे असावे आणि ज्याच्याशी आपले रक्ताचे, धर्माचे, देशाचे कोणतेच नाते नाही असा माणूस मध्ये पडून काम करून द्यावे, हे आजही घडते.

जुन्नरहून महिनाभर चालून तो बीदरला आला. आपल्या जिल्ह्यांना त्याच्या वहीत चांगली जागा आहे. गुलबर्गा, म्हणजे आताचे कलबुर्गी, तिथेही तो गेला. आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या उरुसाची जत्रा म्हणजे सबंध हिंदुस्थानातील उत्तम बाजार, असे प्रशस्तिपत्र त्याने दिले आहे. दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे तो म्हणतो. आळंदची मंडळी आज इथे बसली आहेत, त्यांनी ही गोष्ट गावी जाऊन अवश्य सांगावी. तिथल्या एका रात्रीच्या पक्ष्याविषयीही त्याने लिहिले आहे. तो ज्या घरावर बसून ओरडतो त्या घरात माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे अजून संपलेली नाही.

बीदरच्या राजवाड्याला सात दरवाजे, दारोदारी शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू लेखनिक. कोण आत गेला, कोण बाहेर आला, हे लेखनिक टिपून ठेवतात आणि परक्याला आत सोडत नाहीत. रात्री कोतवालाची माणसे मशाली घेऊन शहरभर फिरतात. ईदच्या मिरवणुकीत तीनशे हत्ती त्याने मोजले. वीस वर्षांच्या सुलतानाचे वैभव त्याने डोळे भरून पाहिले. आणि त्याच ओघात, व्यापारी म्हणून आपण फसलो, हेही लिहिले. इथे सर्व माल स्वस्त मिळेल असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात रशियात नेण्याजोगे काहीच नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकाती जबर आणि समुद्रात चाचे फार. दोन समुद्र ओलांडून आल्यावर हा निष्कर्ष.

नाताळच्या सुमारास त्याने बीदरमध्ये घोडा विकला. वर्षभर त्याच्या पोटापाण्याला ६८ फुतून खर्च आला, हा आकडाही टिपला. विक्रीत नफा झाला असे तो म्हणत नाही. पण वही वाचताना मला असे जाणवले की, घोडा गेल्यानंतर तिची भाषा बदलते. जोवर तो घोडा होता तोवर जकात, चोर, खान, चारा यांपलीकडे त्याला काही दिसत नव्हते. ओझे उतरल्यावर त्याला माणसे दिसू लागली. बीदरमध्ये पुष्कळ हिंदूंशी त्याची ओळख झाली. होर्मुझकडून येताना त्याने ख्वाजा यूसुफ खोरासानी असे नाव घेतले होते. त्या नावाखाली तो सर्वत्र वावरत होता. इथल्या मित्रांना त्याने सांगून टाकले की, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, आणि माझे नाव अफानासी. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा काहीही लपवले नाही, घरातील स्त्रियांनाही त्याच्यासमोर पडदा ठेवला नाही. किती वर्षांनी त्याने आपले खरे नाव मोठ्याने उच्चारले असेल! दूरच्या प्रवासातील सुखे बहुधा अशी लहान असतात. आपल्या नावाने कोणी हाक मारावी, हे घरी असताना सुख आहे असे वाटतसुद्धा नाही.

या मित्रांबरोबर तो श्रीशैलाच्या यात्रेला गेला. ‘पर्वत’ असेच त्याचे नाव त्याने दिले आहे, जसे आपल्याकडचे लोक अजून म्हणतात. ख्रिस्त्यांचे जसे जेरुसलेम, तसे यांचे पर्वत, असे तो समजावून सांगतो. काळ्या पाषाणाचा, सोन्याने मढवलेला नंदी त्याने पाहिला. त्याहून बारकाईने त्याने पाहिली ती वाटेवरची खिचडी. प्रत्येकाचे भांडे वेगळे, प्रत्येकाची चूल वेगळी, जेवण उजव्या हाताने, चमचा नाही, सुरी नाही. परक्याची नजर भांड्यात पडली तर ते अन्न टाकून देतात. चौऱ्याऐंशी पंथ आहेत आणि कोणी कोणाबरोबर जेवत नाही, हे लिहिताना त्याने उपहास केलेला नाही. त्याला स्वतःलाच उपवासाचे, वर्ज्यावर्ज्याचे कोडे छळत होते. त्यामुळे दुसऱ्याच्या नियमांची त्याला कदर होती.

आता त्या हरवलेल्या पुस्तकांकडे येतो.

ईस्टर हा ख्रिस्ती लोकांचा मोठा सण चंद्राच्या गतीवर ठरतो, दरवर्षी त्याची तारीख बदलते. त्याच्या आधीचे दीर्घ उपवास, बुधवार-शुक्रवारचे नियम, सारे त्यावर अवलंबून. हे गणित सांगणारी पुस्तके वोल्गेच्या मुखाशी लुटली गेली होती. बीदरमध्ये निकितिनला आज कोणता वार आहे याचीही खात्री उरली नव्हती. नाताळ कधी, ईस्टर कधी, बुधवार कोणता, शुक्रवार कोणता, मला माहीत नाही, माझ्याजवळ एकही पुस्तक नाही, हे तो पुन्हापुन्हा लिहितो. मग त्याने अंदाज बांधले. मुसलमानांच्या ईदेच्या नऊ-दहा दिवस आधी आपला सण येत असावा, असा एक. आकाशात पाहून दुसरा. कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत, सप्तर्षींचे तोंड पूर्वेकडे आहे, म्हणजे आज ईस्टर असेल. बीदरला पौर्णिमेचा चंद्र तीन दिवस पूर्ण दिसतो, अशीही त्याची एक नोंद आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने ती तपासण्यात अर्थ नाही. रात्री छपरावर पडून कोणी चंद्राकडे एवढा वेळ पाहत होता, एवढे तिच्यावरून कळते.

मुसलमानांचे रोजे सुरू झाले तेव्हा त्याने त्यांच्याबरोबर महिनाभर उपवास धरला. मांस नाही, तूप नाही, नुसती भाकरी आणि पाणी. कोणत्या का तारखेला होईना, उपवास घडावा. मलिक नावाच्या एका मुसलमानाने त्याला एकदा विचारले की, तू मुसलमान तर दिसत नाहीस आणि ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही, मग तू आहेस तरी कोण? खानाच्या धमकीने जे साधले नाही ते या साध्या प्रश्नाने झाले. तो विचारात पडला, वाट चुकलो असे त्याला वाटले, आणि परत फिरायचा निश्चय त्याने केला. परमुलखात चार ईस्टर होऊन गेल्याचा हिशेब त्याने मांडला आहे.

मला यात लांबच्या प्रवासाचा खरा शीण दिसतो. पायांचा शीण एका रात्रीच्या झोपेने जातो. ज्या गणनेवर आपले आयुष्य चाललेले असते ती गणनाच हातून सुटली, म्हणजे जो शीण येतो त्याला झोप पुरत नाही. निकितिनच्या भाषेतही तो उतरला आहे. रशियन लिहिता लिहिता मध्येच तो तुर्की-फारसीच्या बाजारी मिश्रणात शिरतो, आणि नवल असे की, मनाच्या अगदी आतले बोल त्याने या परक्या मिश्रणात लिहिले आहेत. माझ्या देशासारखा देश नाही, देव त्याला राखो, जरी तिथले सरदार न्यायी नसले तरी, ही मायभूमीसाठी केलेली प्रार्थनाच त्याने मातृभाषेत केलेली नाही. पुढे विद्वानांनी या मिश्रणावर बरीच चर्चा केली. तो गुप्तपणे मुसलमान झाला होता की काय, असाही तर्क लढवला गेला. आपल्या भागातील माणसाला हे कोडे वाटू नये. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि हैदराबादच्या पाहुण्यांशी तेलुगू बोलणारी आपण माणसे आहोत. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत तोंडून निघेल हे आपल्याला तरी कोठे ठरवता येते?

निकितिनच्या वेळी बीदरमध्ये आणखी एक परदेशी होता, आणि तो राज्य चालवत होता. महमूद गवान हा इराणातील गिलानचा. १४५३ च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. निकितिनच्या वहीत तो मलिक-उत्-तुज्जार या पदवीने येतो. एक परदेशी राजवाड्याच्या सातव्या दरवाजाच्या आत होता आणि दुसऱ्याला पहिल्याच दरवाजाशी अडवले जात होते. गवानची पत्रे संग्रहरूपाने उपलब्ध आहेत. इराणातील विद्वानांशी, थेट कवी जामीशी, त्याचा पत्रव्यवहार चाले. घर सोडल्यावर त्याने आपली भाषा आणि आपले वाचन सांभाळले. १४७२ मध्ये त्याने बांधलेला मदरसा आपण सर्वांनी पाहिला आहे. १६९६ च्या दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या मिनारावरच्या रंगीत फरशांवरून त्याची मूळ शोभा कळते. त्यात तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय होते.

म्हणजे ज्या काळी निकितिन बीदरच्या गल्लीत, एकही पुस्तक नाही म्हणून आकाशाकडे पाहत होता, त्याच सुमारास त्याच शहरात तीन हजार ग्रंथांची सोय होत होती. त्यांतील एकही त्याच्या कामाचा नव्हता. ग्रंथालय असणे आणि आपल्या भाषेचे ग्रंथालय असणे यांतील अंतर मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसले नाही. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. आपल्या संस्थेच्या आयुष्यात सरकारे बदलली, कचेरीची भाषा बदलली, शाळांतील मराठी वर्ग कमी होत गेले. तरी इथे मराठी मासिके येत राहिली आणि दिवाळी अंकांसाठी रांग लागत राहिली. हे ज्यांनी चालवले, त्यांनी किती मोठे काम केले हे त्यांनाही पुरते माहीत नसावे.

आता थोडे आजच्या प्रवासाविषयी. कन्येच्या घरी अमेरिकेला जाण्याचा योग मला दोनदा आला. निकितिनला चार ईस्टर लागले, आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोचल्या. आपण संध्याकाळी बीदरहून मोटारीने निघतो, रात्री हैदराबादला विमानात बसतो आणि वाटेत एकदा विमान बदलून दुसऱ्या दिवशी पलीकडे असतो. यात तक्रारीला जागा नाही, असे तरुण मंडळी म्हणतात. खरे आहे. तरीही तो शीण मी विसरलेलो नाही. गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले, कानांत अखंड घरघर, खिडकीबाहेर न संपणारी रात्र आणि कोणत्या देशाच्या वेळेनुसार जेवतो आहोत याचा पत्ता नाही. पोचल्यावर आठवडाभर शरीर बीदरच्याच वेळेवर चालते. रात्री दोन वाजता भूक लागते आणि भर दुपारी डोळे मिटतात. मुलगी म्हणे, बाबा, दिवसा झोपू नका, सवय होईल. मी मनात म्हणे, ही गणना सुटल्याची पहिली पायरी आहे.

सुखेही होती. पहाटेच्या विमानतळावर कागदी पेल्यातला गरम चहा, पायांतले बूट काढून बसायला मिळालेला एक कोपरा, पिशवीतून काढलेला धपाटा आणि शेंगदाण्याची चटणी. आखातातल्या एका विमानतळावर मी वाट शोधत उभा होतो, तर फरशी पुसणारा एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, “मामा, कुठलं गाव?” मी सांगितले. तो हुमनाबादकडचा निघाला. वाट दाखवता दाखवता त्याने विचारले, “तिकडं पोळा झाला का हो?” हातात फोन होता, त्यात तारीख होती. पण तारखेवरून पोळा कळत नाही. मी त्याला, झाला, परवाच झाला, असे सांगितले. तो नुसता “बरं” म्हणाला आणि बादली उचलून गेला. निकितिनचे ईस्टरविषयीचे पान मला त्यानंतर अधिक कळले.

अमेरिकेत कन्येच्या स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका टांगलेली आहे. दरवर्षी जाणाऱ्या-येणाऱ्यांबरोबर ती मागवली जाते. पण तिथेही एक पेच आहे. तिथी सूर्योदयावर ठरते आणि तिथला सूर्योदय आपल्यानंतर नऊ-दहा तासांनी होतो. त्यामुळे आपल्या दिनदर्शिकेतील एकादशी त्यांच्याकडे कधी कधी आदल्या दिवशी येते. मग दूरध्वनीवर विचारणा होते, बाबा, उपवास कोणत्या दिवशी धरू? आकाशाकडे पाहून अंदाज करण्यापेक्षा हे खचितच सोपे. पण प्रश्न तोच आहे.

सामान भरण्याविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. विमानाला वजनाची मर्यादा असते, तेवीस किलोंची पेटी. घरोघरी ती काट्यावर चढवली जाते, वजन जास्त भरते, आणि मग काही तरी बाहेर काढावे लागते. मी पाहिलेल्या प्रत्येक घरात पहिल्यांदा पुस्तके बाहेर निघतात. काळा मसाला राहतो, पापड राहतात, तुपाचा डबा तर राहतोच. निकितिनची पुस्तके लुटारूंनी नेली. आपण ती आपल्याच हाताने, आपल्याच घरात काढून ठेवतो. एका पातळ मराठी पुस्तकाचे वजन पावशेर भरते. तेवढ्यासाठी पापडांचे एक पुडके कमी करायला हरकत नसावी. पडद्यावर सगळे वाचायला मिळते, असे नातवंडे सांगतात. मिळतही असेल. पण घरात दिसणारे पुस्तक मुलाला सहज हाताशी लागते, पडद्यावरचे त्याला मुद्दाम शोधावे लागते.

निकितिन परतीला दाभोळहून निघाला. गलबत भरकटून हबशांच्या किनाऱ्याला लागले, तिथे तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटून जीव वाचला. होर्मुझ, तब्रीझ, मग काळ्या समुद्राकाठचे त्रेबिझोन्द. तिथे कागदपत्रांच्या संशयाने त्याचे सामान उपसले गेले आणि किडूकमिडूकही गेले. समुद्र ओलांडून तो क्रिमियातील काफा बंदरात पोचला, आपल्या भाषेच्या माणसांत आला. घर मात्र त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वाटेत वारला. वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि १४७५ मध्ये त्या राजाच्या दप्तरातील वसिली मामिरेव्ह या अधिकाऱ्याकडे पोचल्या. तिथल्या बखरकाराने त्या उतरवून घेतल्या आणि हा माणूस नेमका कोणत्या वर्षी गेला होता याची लोकांत चौकशी केली. त्याला नेमके साल मिळाले नाही. १८१७ च्या सुमारास करमझिन या इतिहासकाराने त्यातील भाग प्रसिद्ध केला. १८५७ मध्ये लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने इंग्रजी भाषांतर छापले, आणि त्या वाटेने तो आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत आला.

पदाधिकाऱ्यांना एक सूचना करून थांबतो. या वहीचा मराठी अनुवाद शताब्दी वर्षात ग्रंथालयाने इथल्याच अभ्यासकांकडून करून घ्यावा. मूळ मजकूर छापील पन्नास पानांच्या आतबाहेर आहे, काम आवाक्यातले आहे. आळंदची जत्रा, बीदरचे दरवाजे, पर्वताची वाट यांच्यावर टिपा लिहायला मॉस्कोच्या विद्वानापेक्षा आपल्यातला एखादा आळंदचा शिक्षक अधिक योग्य ठरेल. पुस्तक पातळ निघेल. वजन पावशेरापेक्षा जास्त होणार नाही.